कोणाचा रे तू?

बारशाच्या दिवशी पाळण्यात वाकून बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करायचा मान आत्याचा. गेल्या वर्षी तो माझ्याकडे आला. दादा-वहिनीच्या मुलाचं नाव ठरायला तब्बल दोन महिने लागले होते. गुरुजींनी काढून दिलेलं नक्षत्राचं अक्षर, वहिनीची वही, दादाने मोबाइलवर केलेली यादी, आईचं "देवाचं असू द्या रे एखादं" हे सगळं होऊन अखेर एका नावावर घर एकत्र आलं. ते नाव इथे लिहीत नाही, ते त्याचं आहे.

वाद झाला तो मधल्या नावावर. वहिनी म्हणाली, "आता माझंही नाव लावायचं असतं ना त्याच्या नावात?" दादा लगेच म्हणाला, "लावू की." मग बाळाचं नाव, तिचं नाव, त्याचं नाव आणि आडनाव असं आम्ही सलग म्हणून बघितलं. क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग काका म्हणाले, "कानाला बरं नाही वाटत. मुलग्याच्या नावात बाईचं नाव."

काका वाईट माणूस नाहीत. वहिनीच्या बाळंतपणात रात्री-अपरात्री दवाखान्यात बसून राहिलेले तेच. त्यांच्या कानाला जे खटकलं ते खरंच खटकलं होतं. म्हणूनच त्या खटकण्याबद्दल लिहावंसं वाटलं. माझं म्हणणं सरळ आहे: मुलग्याच्या नावात आईचं नाव यायलाच हवं, आणि कानाला सवय होईपर्यंत ते मोठ्याने म्हणत राहायला हवं.

आपल्याकडे मधलं नाव शोभेसाठी निवडायची रीत कधी नव्हती. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये आई-बाप मुलाला पहिल्या नावाला शोभेल असं दुसरं नाव शोधतात, कधी आजोबांचं, कधी नुसतंच ऐकायला गोड लागणारं. मराठी माणसाच्या मधल्या नावाचं काम वेगळं. गावात अनोळखी पोर दिसलं की म्हातारी माणसं विचारतात, "कोणाचा रे तू?" त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे आपलं मधलं नाव. आडनावापेक्षा त्याचा मान जुना. बाळाजी विश्वनाथ, बाजीराव बल्लाळ, बाळाजी बाजीराव: पेशव्यांची नावं आपण अशीच घेतो. 'भट' हे आडनाव शाळेच्या पुस्तकात वाचून कळतं, पण कोण कोणाचा मुलगा हे नाव घेतल्याबरोबर समजतं.

हे उत्तर किती काटेकोर असतं हे दत्तक गेलेल्या माणसांकडे पाहिलं की कळतं. गणेश आत्माराम खांडेकर दत्तक गेले आणि विष्णु सखाराम झाले. गजानन रंगनाथ शिरवाडकर दत्तक गेले आणि विष्णु वामन झाले. मराठीला ज्ञानपीठ मिळवून देणाऱ्यांपैकी हे दोन लेखक. दोघांच्याही नावांची अख्खी पाटी पुसून नवी लिहिली गेली, कारण बाप बदलला होता. 'वि. स.' आणि 'वि. वा.' ही आद्याक्षरं आपण इतक्या मायेने घेतो, त्यातलं दुसरं अक्षर दत्तक बापाचं आहे हे लक्षातही येत नाही. वारसा, घर, जमीन, श्राद्धाचा अधिकार, सगळं त्या एका अक्षराला बांधलेलं. तेव्हा 'नावात काय आहे' असं मराठी माणसाने तरी म्हणू नये. आपण मधल्या नावात सगळं काही ठेवत आलो आहोत. फक्त त्यात आई कधी ठेवली नाही.

ठेवली नाही म्हणजे कागदावर. तोंडी मात्र ठेवली होती. मे महिन्यात आम्ही आजोळी जायचो. एसटीतून उतरून पिशव्या घेऊन चालू लागलो की ओट्यावरून तोच प्रश्न यायचा: "कोणाची गं पोरं?" तिथे वडिलांचं नाव सांगून उपयोग नसायचा, त्यांना तिथे कोण ओळखणार? आम्ही आईचं माहेरचं नाव सांगायचो आणि समोरचा चेहरा उजळायचा. "अगंबाई, तिची होय! या, पाणी प्या." आजोळच्या गावात दादा हा वडिलांचा मुलगा नव्हताच. तो आईचा मुलगा होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती. प्रत्येक मराठी मुलाला अशी दोन गावं असतात आणि दोन उत्तरं असतात. शाळेच्या दाखल्यावर त्यातलं एकच चढलं.

घरी तर उलटाच प्रकार. मूल झालं की बाईला मुलाचं नाव चिकटतं. आमच्या चाळीत आईला कुणी नावाने हाक मारली नाही. ती दादाची आई होती, शेजारची बंड्याची आई होती, वरची पिंकीची आई होती. बंड्या मोठा होऊन नोकरीला लागला, परगावी गेला, तरी त्या बंड्याची आईच राहिल्या. आई मुलाच्या नावाने ओळखली जाते, मुलगा आईच्या नावाने ओळखला जाऊ नये? हा प्रश्न मला कुठल्याही मोठ्या तत्त्वज्ञानातून सुचलेला नाही, चाळीच्या जिन्यात सुचलेला आहे.

मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलामुलींचं नाव सरकारी कागदपत्रांत आधी स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचं. वडिलांचं नाव काढलेलं नाही, ते एक घर पुढे सरकलं इतकंच. शाळेची नोंद, परीक्षेचं प्रमाणपत्र, महसुली कागद, शिधापत्रिका असा त्याचा आवाका. अनाथ मुलांना सूट दिली आहे. त्याच वर्षी ५ डिसेंबरला आझाद मैदानावर मुख्यमंत्र्यांनी शपथ घेतली ती 'देवेंद्र सरिता गंगाधरराव फडणवीस' अशी. राजकारण बाजूला ठेवा. दूरदर्शनवर शपथ ऐकणाऱ्या लाखो कानांना त्या दिवशी एका पुरुषाच्या नावात आईचं नाव ऐकू आलं, आणि आकाश कोसळलं नाही.

आईचं नाव याआधी कागदावर अजिबात नव्हतं असंही नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवर आईच्या नावाची वेगळी चौकट बरीच वर्षं आहे. पण चौकटीत असणं आणि नावात असणं यात फरक आहे. चौकट कारकुनासाठी असते. नाव हजेरीत पुकारलं जातं, व्यासपीठावर घेतलं जातं, दारावर लागतं.

आता कानाच्या तक्रारीकडे येते. आजकाल मुलग्यांची नावं आखूड असतात: आरव, विहान, अद्वैत, ईशान. त्यांच्या बापांची नावंही तशीच: अमोल, सचिन, नितीन, राहुल. दोन्ही व्यंजनावर आपटून थांबणारी. 'विहान नितीन' म्हणून बघा, दोन्ही 'न' एकमेकांवर आदळतात. आता मध्ये आई आणा: 'विहान मेघना नितीन'. आईच्या नावाच्या शेवटच्या 'आ'ने श्वास घ्यायला जागा मिळाली. 'आरव अमोल' आणि 'आरव स्नेहा अमोल' यांतलं कुठलं जिभेवर सहज बसतं ते तुम्हीच ठरवा. मराठी मुलींची बहुतेक नावं आकारान्त किंवा ईकारान्त, आणि मुलग्यांची उच्चारात व्यंजनावर थांबणारी. शोभण्याचाच मुद्दा असेल, तर आईचं नाव मध्ये आल्याने नाव वाहतं. काकांच्या कानाला खटकला तो नाद नव्हता. पुरुषाच्या नावाला बाईचं नाव लागलं, हे त्यांना खटकलं.

आणि ते खटकणं फार लहानपणी शिकवलं जातं. मराठी शाळेत शिकलेल्या कुठल्याही पुरुषाला विचारा. पाचवी-सहावीत मुलं एकमेकांना बापाच्या नावाने हाक मारून चिडवतात. मित्राच्या वडिलांचं नाव कळलं की हातात शस्त्रच आलं. पण आईचं नाव? ते मुलं लपवतात. दादा सांगतो, त्याच्या वर्गात आईचं नाव कुणाला कळू नये म्हणून मुलं गुणपत्रिका छातीशी घट्ट धरायची. कारण बापाच्या नावाने चिडवलं तर मारामारी आणि पुन्हा दोस्ती. आईचं नाव कळलं तर पुढे काय येतं हे प्रत्येकाला ठाऊक असायचं. आपल्या बहुतेक शिव्या आईवरूनच तर आहेत. दहा-अकरा वर्षांचा मुलगा आईवर जीव टाकतो आणि चारचौघांत तिचं नाव घ्यायला घाबरतो, ही आपण त्याला दिलेली शिकवण आहे.

"मग तर आईचं नाव लावूच नका, पोराला चिडवतील," असं वहिनीची बहीण म्हणाली. तिच्या काळजीत खोट नाही. पण एका मुलाच्या नावात असेल तर चिडवतील. पटावरच्या चाळीसही मुलांच्या नावात असेल, बाई रोज सकाळी चाळीस आयांची नावं मोठ्याने पुकारत असतील आणि चाळीस मुलं 'हजर' म्हणत असतील, तर चिडवणार कोण आणि कशावरून? जी गोष्ट लपवायची असते तिचंच शस्त्र होतं. या निर्णयातलं मला सर्वात मोलाचं वाटतं ते हेच. महिला दिनाच्या भाषणापेक्षा हजेरीपटाची ताकद मोठी आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात जन्मलेली मुलं २०३० मध्ये पहिलीत असतील. त्यांच्या बाईंनी हजेरी घेताना पूर्ण नाव घ्यावं, एवढं मागणं फार नाही.

मुलग्याच्या नावावर माझा भर का, मुलीच्या का नाही, याचंही कारण आहे. याच निर्णयात विवाहित बाईच्या नावाची जुनी पद्धत तशीच ठेवली आहे: तिचं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. मालमत्तेच्या कागदावर लग्नाआधीचं नाव लावायची सोय आहे, पण रीत बदललेली नाही. म्हणजे मुलीच्या नावात जन्मतः लागलेलं आईचं नाव लग्नाच्या मांडवात बापाच्या नावासोबत पुसलं जाणार. मुलींनी लग्नानंतर नाव बदलू नये असं माझं मत आहे, आणि मी बदललेलं नाही. पण आज बहुसंख्य घरांत ते बदललं जातं, हे नाकारून कसं चालेल? मुलग्याचं मधलं नाव मात्र पाळण्यापासून तिरडीपर्यंत टिकतं. आईचं नाव एखाद्याच्या नावात आयुष्यभर टिकायचं असेल, तर आजच्या घडीला ते मुलग्याच्याच नावात टिकेल. म्हणून मुलग्याच्या आईबापांनी 'लावलं काय, न लावलं काय' असं म्हणून हे सोडून देऊ नये.

काही उत्साही माणसं सांगतात की ही तर आपली प्राचीन परंपराच आहे, सातवाहन राजे आईचं नाव लावायचे. नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा मोठा शिलालेख आहे. तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी. अभिमान वाटावा असाच तो लेख आहे. पण गौतमी, वासिष्ठी ही गोत्रावरून आलेली नावं आहेत, आणि राज्य बापाकडून मुलाकडेच जात होतं. तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वी इथे समता नांदत होती असं सांगून आजची लढाई सोपी करू नका. त्या लेखातून मी घेते ते एवढंच: आईवरून ओळखलं जाण्यात एका बलाढ्य राजाला कमीपणा वाटला नव्हता.

ज्यांच्या घरात बाप नाही किंवा बापाचं नाव लावायचं नाही, त्यांच्यासाठी हा नादाचा किंवा मानाचा मुद्दा नाहीच. शाळेच्या खिडकीशी उभ्या असलेल्या एकट्या आईला 'वडिलांचं नाव?' हा प्रश्न अंगावर आल्यासारखा वाटतो. कायदा हळूहळू तिच्या बाजूने सरकला आहे. हिंदू अल्पवयीनता आणि पालकत्व कायदा १९५६ चा; त्यात मुलाचा नैसर्गिक पालक आधी बाप आणि 'त्याच्यानंतर' आई. हे 'नंतर' म्हणजे बापाच्या मृत्यूनंतरच असं नाही, हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाला १९९९ साल उजाडलं. २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटलं की अविवाहित आईला पालकत्वासाठी बापाचं नाव उघड करायची सक्ती नाही. २०१६ च्या अखेरीस पासपोर्टला आई-वडिलांपैकी एकाचं नाव पुरेसं झालं, २०१८ मध्ये एकट्या आईच्या मुलांना पॅन कार्डासाठी बापाच्या नावाची सक्ती उरली नाही. पण त्या मुलाच्या नावात फक्त आई असेल आणि बाकी सगळ्यांच्या नावात फक्त बाप, तर ते वेगळं दिसणारच. प्रत्येक मुलाच्या नावात आई असेल तेव्हा त्याचं वेगळेपण निम्मं ओसरेल. सुखवस्तू, दोन पालकांच्या घरांनी आईचं नाव लावण्याचं हे सर्वात मोठं कारण आहे असं मला वाटतं. आपल्या मुलाच्या नावाने दुसऱ्याच्या मुलाची वाट थोडी सपाट होते.

आता अडचण सांगते, कारण ती खरी आहे. नाव लांब होतं. ऑनलाइन अर्जांत अजूनही पहिलं, मधलं, शेवटचं अशा तीनच चौकटी असतात. आईचं नाव कुठे घालायचं हे कुणी सांगत नाही. पासपोर्टवर तर आडनाव एकीकडे आणि बाकी सगळं दुसरीकडे, अशा दोनच ओळी. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्माचा दाखला हाच शाळाप्रवेशापासून मतदार यादी, वाहन परवाना आणि सरकारी नोकरीपर्यंतचा आधार ठरला आहे. दाखल्यावर एक नाव आणि शाळेत दुसरं असं झालं, तर पुढे प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात आणि हेलपाटे आलेच. म्हणून जन्मनोंदणीच्या वेळीच पूर्ण नाव एकदा ठरवून, तपासून लिहा. नोंदणी २१ दिवसांत करायची असते, पण बाळाचं नाव त्यात नंतरही भरता येतं, वर्षभर तर शुल्काशिवाय. घाई नाही. आणि सरकारलाही सांगणं आहे: चौकटी तुमच्या आहेत, त्या वाढवा. नियम काढायचा आणि अर्ज जुनाच ठेवायचा, याचा भुर्दंड आईच्याच नावाला बसतो. चौकटीत मावत नाही म्हटल्यावर सगळ्यात आधी ज्यावर काट मारली जाईल ते नाव कुणाचं असेल, हे मी सांगायला नको.

यापेक्षा अवघड प्रश्न बारशाच्या रात्री आईने विचारला. आईचं नाव लावायचं म्हणता, पण कुठलं?

माझ्या आईची दोन नावं आहेत. माहेरचं नाव फुलाचं. लग्नात ताटात तांदूळ पसरून बाबांनी अंगठीने नवं नाव लिहिलं, ते देवीचं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर फूल आहे, शिधापत्रिकेवर देवी आहे, आणि आधार कार्डावर कुणीतरी देवीपुढे 'बाई' जोडून ठेवलं आहे. बँकेतलं खातं एकदा याच कारणासाठी अडकलं होतं. खिडकीपलीकडच्या माणसाने तीन कागद पुढ्यात ठेवून विचारलं, "यातल्या तुम्ही नक्की कोण?" आई घरी येऊन गप्प बसून राहिली होती. त्या खोलीत बाबांना तो प्रश्न कुणी विचारला नसता. त्यांचं नाव जन्मापासून मरेपर्यंत एकच होतं.

म्हणून वहिनीला मी सांगितलं, तुझ्या दहावीच्या प्रमाणपत्रावर जे आहे तेच नाव बाळाच्या नावात घाल. जे तू ऐकत वाढलीस, जे लिहून परीक्षा दिल्यास, तेच. त्याला ताई-बाई काही जोडू नकोस. तिचं नाव सासरी बदललेलं नाही, त्यामुळे तिला ते सोपं गेलं. जिचं बदललं आहे तिने कुठलं घालावं हे ठरवायचा हक्क तिचाच, घरातल्या इतर कुणाचाही नाही, नोंदणी करणाऱ्या कारकुनाचा तर नाहीच.

पाहुणे गेल्यावर पाळणा अंगणातून आत घेतला. बाळ झोपलं होतं. काका हात धुऊन येऊन बसले आणि पुन्हा एकदा पुटपुटत पूर्ण नाव म्हणून बघू लागले, बाळाचं, वहिनीचं, दादाचं. या वेळी अडखळले नाहीत. आई घुगऱ्यांचं पातेलं झाकत होती. तिने दादाला विचारलं, "तुझ्या नावात माझं घालायचं झालं असतं, तर कुठलं घातलं असतंस रे?"

दादाने फुलाचं नाव सांगितलं.

आई म्हणाली, "मामा गेल्यापासून त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती."